तळाशी उरलेला साका

ज्युडिथ ग्रॅहॅम पूल हे नाव रक्तपेढीत काम करणाऱ्यांनी परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं. १९६४, क्रायोप्रेसिपिटेट, पूल. प्रश्न आला तर मार्क मिळतो, नाही आला तर नाव डोक्यातून जातं. माझं तसं झालं नाही. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी रक्तपेढीत माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली आणि या बाईंनी घालून दिलेलं काम मी स्वतःच्या हातांनी करत आले. प्लाझ्मा, म्हणजे पेशी बाजूला काढल्यावर उरणारा रक्तातला द्रव, गोठवायचा, थंडीतच सावकाश वितळू द्यायचा, वरचं काढून घ्यायचं आणि तळाशी राहिलेलं जपून ठेवायचं. तेच क्रायोप्रेसिपिटेट. हे पहिल्यांदा कुणाला आणि कसं सुचलं असेल, याची मला ओढ लागली. त्यांच्याबद्दल मिळेल तेव्हा मिळेल ते वाचत गेले. जितकं वाचलं तितकी त्यांच्याविषयीची आपुलकी वाढत गेली. आता निवृत्तीनंतर वेळ आहे, म्हणून हे लिहितेय.

आधी, हे सगळं ज्याच्यासाठी सुरू झालं त्या आजाराविषयी. हिमोफिलिया म्हटलं की लोकांना वाटतं, जरा कापलं की माणूस रक्त वाहून मरतो. प्रत्यक्षात वरवरच्या खरचटण्याने फारसं बिघडत नाही. खरा छळ होतो तो सांध्यांचा. गुडघा, घोटा, कोपर. काही लागलेलं नसताना, कधी झोपेतच, सांध्याच्या आत रक्त झिरपायला लागतं. आधी नुसतं मुंग्या आल्यासारखं वाटतं, मग सांधा गरम होतो, फुगतो, टणक होतो. आमच्याकडे येणाऱ्या आया म्हणायच्या, "मॅडम, गुडघा भरलाय." पोर पाय उशीवर वाकडा ठेवून निपचित पडलेलं असायचं, कारण सरळ केला की कळ मस्तकात जाते. असं पुन्हा पुन्हा झालं की सांध्याचं अस्तर सुजून जाड होतं, कूर्चा झिजते आणि दहाव्या-बाराव्या वर्षी पाय कायमचा आखडतो. रक्त गोठायला जे घटक लागतात त्यांना क्रमांक दिलेले आहेत. त्यांतला आठवा कमी असेल तर हिमोफिलिया ए, नववा कमी असेल तर बी. ए हा जन्मणाऱ्या सुमारे ५,००० मुलग्यांमागे एकाला होतो, बी त्याहून बराच विरळा. दोन्हींचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. म्हणून आजार बहुधा मुलग्यांना होतो आणि येतो आजोळकडून. मामाला असतो, मग भाच्याला निघतो. तिसरा हिस्सा रुग्णांच्या घरात मात्र मागे कुणालाच नसतो. बदल नव्यानेच झालेला असतो.

पूल बाई मुळात रक्ताच्या अभ्यासक नव्हत्या. १९१९ साली न्यूयॉर्कमधल्या क्वीन्समध्ये जन्म, शिकागो विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचं शिक्षण. लग्न विद्यार्थिदशेतच झालं होतं. मुलं सांभाळत त्यांनी १९४६ साली पीएच.डी. पुरी केली. मार्गदर्शक होते राल्फ जेरार्ड. काम होतं बेडकाच्या स्नायूच्या एकेका तंतूत काचेची अतिसूक्ष्म टोकाची नळी खुपसून आतला विद्युतदाब मोजण्याचं. मायक्रोइलेक्ट्रोडच्या इतिहासात ग्रॅहॅम आणि जेरार्ड यांचा १९४६ चा शोधनिबंध आजही सांगितला जातो. त्यातल्या ग्रॅहॅम म्हणजे याच. डोळ्यांना न दिसणाऱ्या तंतूत सुई घालून आकडा वाचायचा, तो आकडा खरा आहे याची खात्री करायची, मगच पुढे बोलायचं. ही सवय त्यांनी पुढे रक्तात आणली, आणि त्यांच्या साऱ्या कामाचं मर्म मला त्यातच दिसतं.

१९५० च्या सुमारास कुटुंब कॅलिफोर्नियाला गेलं. १९५३ साली त्या स्टॅनफर्डच्या वैद्यकीय शाळेत रक्त गोठण्याच्या अभ्यासाला लागल्या. नोकरी संशोधनाच्या अनुदानावरची. त्याच वर्षी घटस्फोटही झाला. नवा विषय, दोन मुलगे आणि अनुदान असेल तोवर पगार, अशी ती सुरुवात होती. १९५८-५९ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर त्या ओस्लोला जाऊन आल्या. नॉर्वे तेव्हा या विषयात फार पुढे होता. पॉल ओव्हरेन यांनी जर्मन ताब्यातल्या ओस्लोत युद्धाच्या धामधुमीतच पाचवा घटक शोधला होता.

त्या काळी हिमोफिलियाच्या मुलाला द्यायला होतं काय? ताजं रक्त, नाहीतर ताजा किंवा गोठवून ठेवलेला प्लाझ्मा. यातली अडचण आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर प्लाझ्मात आठव्या घटकाचं एक युनिट धरतात. वजनाच्या दर किलोमागे एक युनिट दिलं की रक्तातली पातळी साधारण २ टक्क्यांनी चढते. साठ किलोच्या माणसाची पातळी ४० टक्क्यांवर न्यायची तर १,२०० युनिटं लागतात. म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास प्लाझ्मा, तोही सगळा घटक शाबूत आहे असं धरून. आठ ते बारा तासांत त्यातला निम्मा घटक संपतो, की पुन्हा तेवढाच. इतकं पाणी शिरेतून घातलं तर हृदय दमतं, फुप्फुसात पाणी साठतं. मोठं ऑपरेशन सोडाच, दात काढायचीही भीती. गुरा-डुकरांच्या रक्तातून काढलेला घटक ऑक्सफर्डला वापरून पाहिला गेला. त्याने पातळी चढायची, पण परका पदार्थ शरीर फार दिवस चालवून घेत नाही. माणसाच्या रक्तातून काढलेला घट्ट घटक कारखान्यात बनवता यायचा, पण तो थोडाच मिळायचा आणि कारखाना काही प्रत्येक गावात नसतो.

पूल बाईंनी सुरुवात केली ती हिशेबापासून. १९५९ मध्ये त्यांनी रॉबिन्सन यांच्याबरोबर एक शोधनिबंध लिहिला. दिसायला रुक्ष. साठवलेल्या प्लाझ्मात आठवा घटक किती टिकतो, रुग्णाला दिल्यावर त्याच्या रक्तात खरोखर किती चढतो, याची मोजदाद. प्लाझ्मा दिला म्हणजे घटक दिला असं मानून चालण्याचे ते दिवस होते. पिशवीत किती होता आणि पोराच्या अंगात किती पोहोचला, हे त्या विचारत होत्या. मला हा निबंध १९६४ च्या निबंधाइतकाच मोलाचा वाटतो. कारण जो माणूस प्रत्येक टप्प्यावर मोजतो, त्यालाच कळतं की हिशेबातला घटक नेमका कुठे गळाला.

तो गळत होता साक्यात. गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच सावकाश वितळू दिला, की सगळाच विरघळत नाही. थोडा पांढरा साका तळाशी राहतो. तो आधीही लोकांनी पाहिलेला होता. त्यात फायब्रिनोजेन, म्हणजे ज्याच्या धाग्यांनी रक्ताची गुठळी बनते ते प्रथिन, असतं हेही ठाऊक होतं. पूल बाईंनी त्यातला आठवा घटक मोजला, आणि पिशवीतल्या घटकाचा फार मोठा वाटा त्या चमचाभर साक्यात निघाला. आठवा घटक रक्तात एकटा फिरत नाही, फॉन विलेब्रांट घटकाच्या अवाढव्य रेणूला धरून असतो, आणि तो रेणू थंडीत लवकर विरघळत नाही. हे कारण नीट उलगडायला पुढे बरीच वर्षं गेली. १९६४ साली 'नेचर'मध्ये हर्शगोल्ड आणि पापेनहागेन यांच्यासह त्यांचा निबंध आला.

त्याच वर्षी 'नेचर'मध्येच ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॅकफर्लेन यांनी रक्त गोठण्याची साखळी मांडली: एक घटक दुसऱ्याला जागं करतो, दुसरा तिसऱ्याला, आणि दर पायरीला परिणाम वाढत जातो. आम्ही सगळे तीच साखळी घोकून डॉक्टर झालो. मॅकफर्लेन यांची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती आपल्या बांधावरची आहे. १९३४ साली त्यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या सापांचा प्रमुख बर्जेस बार्नेट याच्याबरोबर निरनिराळी विषं रक्तावर टाकून पाहिली. हिमोफिलियाचं रक्त सर्वांत झटपट गोठवलं ते घोणसाच्या विषाने. पुढे ते विष अगदी पातळ करून जखमेवर वरून लावायचं औषध झालं. आमच्याकडे पावसाळ्यात शेतात घोणस चावलेली माणसं यायची आणि त्यांचं रक्त परीक्षानळीत वीस मिनिटं ठेवूनही गोठायचं नाही, कारण विषाने साखळी भलतीकडेच पेटवून अंगातलं सगळं फायब्रिनोजेन संपवलेलं असायचं. हे विष दहाव्या घटकाला थेट जागं करतं, आठव्याची वाट पाहत नाही. ज्या विषाने माझ्या पेशंटचं रक्त पातळ झालं, त्यानेच एखाद्या हिमोफिलियाच्या मुलाचं हिरडीतलं रक्त थांबवलं होतं, हे आठवून मी कितीदा त्या नळीकडे बघत बसले असेन.

पण माझ्या मते पूल बाईंचं सर्वांत मोठं काम १९६५ चं. अँजेला शॅनन यांच्यासह त्यांनी दाखवून दिलं की हा सगळा खटाटोप बंद पिशव्यांमध्ये करता येतो. प्लास्टिकच्या पिशव्या तेव्हा रुळत होत्या. एकमेकींना नळीने जोडलेल्या पिशव्या घ्यायच्या. पहिलीत रक्त, दुसरीत प्लाझ्मा. दुसरी गोठवायची, फ्रिजमध्ये चार अंशांना वितळू द्यायची, सेंट्रीफ्यूज यंत्रात जोरात फिरवायची, वरचा प्लाझ्मा नळीतून शेजारच्या पिशवीत ढकलायचा. कुठे टाचणीएवढं भोक पडत नाही, हवा लागत नाही, जंतू शिरत नाहीत. तळाचा साका आणि थोडा प्लाझ्मा मिळून पंधरा-वीस मिलिलिटर. त्यात ८० युनिटांच्या वर घटक. रसायन नको, कारखाना नको. ज्या रक्तपेढीकडे थंड सेंट्रीफ्यूज आणि डीप फ्रीझर आहे, ती हे करू शकते. शोध लागणं आणि तो जिल्ह्याच्या गावच्या तंत्रज्ञाच्या हाती पडणं यात फार अंतर असतं. बहुतेक संशोधक ते अंतर दुसऱ्या कुणासाठी तरी सोडून देतात. या बाईंनी स्वतः ते कापलं, आणि वर्षभरात कापलं.

क्रायो (क्रायोप्रेसिपिटेटला आम्ही एवढंच म्हणतो) करताना घाई चालत नाही. रक्त घेतल्यावर सहा-आठ तासांत प्लाझ्मा वेगळा करून झटपट गोठवावा लागतो; वितळताना मात्र तो रात्रभर त्याच्या गतीने वितळला पाहिजे. सकाळी फ्रिज उघडला की पिशवीत बर्फाची थोडी कीस उरलेली असते आणि तिच्याखाली पेजेच्या तळाशी राहावं तसं काहीतरी पांढुरकं, तंतुमय. नवा तंत्रज्ञ हमखास पिशवी हातात धरून उजेडात बघत उभा राहायचा. हाताच्या उबेने साका परत विरघळतो, म्हणून मी ओरडायचे, "अरे, खाली ठेव आधी!" वरचा प्लाझ्मा दाबून काढताना डोळा साक्यावर ठेवायचा, तंतू नळीच्या तोंडाशी यायला लागले की चिमटा. मग पुन्हा उणे तीस अंशांखाली. वापरायच्या वेळी ३७ अंशांच्या पाण्यात हलक्या हाताने वितळवायचा आणि लगेच लावायचा. वीस किलोच्या मुलाची पातळी ३० टक्क्यांवर न्यायला ३०० युनिटं, म्हणजे चार पिशव्या. जिथे आधी अख्खी बाटली जायची तिथे कपभर द्रव. रात्री गुडघ्याने तळमळणारं पोर दुपारी पाय लांब करून बसलेलं मी पाहिलं आहे.

क्रायोत नववा घटक मात्र नसतो. हे सांगताना अजूनही जीव तुटतो. एका गावाहून एक मुलगा आमच्याकडे आला, कंबरेच्या आतल्या स्नायूत रक्त साचलेलं, मांडी सरळ होत नव्हती. दुसऱ्या एका दवाखान्यात त्याला बरेच दिवस क्रायो लावत होते. चिठ्ठीवर नुसतं 'हिमोफिलिया'. एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी, वाढलेला, बस. ए की बी, पातळी किती, कुणी पाहिलंच नव्हतं. आम्ही नमुना घटक मोजायला पाठवला आणि निघाला बी. इतके दिवस त्याच्या शिरेत जे जात होतं त्याचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. आणि तोवर त्या मांडीतली नस दबून पाय बधिर झाला होता. १९५२ सालीच ऑक्सफर्डकरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या नाताळच्या अंकात नववा घटक नसलेला हा दुसरा हिमोफिलिया जगाला सांगितला होता. इतक्या दशकांनी आमच्या भागात तो वेगळा काढायची सोय नव्हती. मुंबईला परळच्या केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. घटक मोजण्यापासून ते आईच्या पोटातल्या गर्भाची तपासणी करण्यापर्यंत तिथे उत्तम काम होतं. पण परळ आमच्यापासून रात्रभराच्या एसटीवर. गुडघा भरलेल्या पोराला घेऊन तो प्रवास कोण करणार?

क्रायोची कथा पुढे फार वाईट वळणाने गेली. कारखान्यांनी हाच साका हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून काढून त्याची पावडर केली. घरी इंजेक्शन घेता येऊ लागलं, मुलं शाळेत जाऊ लागली. पण हजारोंच्या रक्तात एकाचा विषाणू असला तरी तो सगळ्यांपर्यंत पोहोचायचा. १९८२ च्या जुलैत अमेरिकेत हिमोफिलियाच्या तीन रुग्णांत एड्सची नोंद झाली. पुढच्या काही वर्षांत तिथल्या हिमोफिलियाच्या जवळपास निम्म्या रुग्णांना एचआयव्हीची लागण झालेली होती. ज्या देशांनी आपल्याच दात्यांच्या क्रायोवर भर ठेवला, तिथे हानी कमी झाली. क्रायोची पिशवी एका दात्याची असते. धोका संपत नाही, पण मोजका राहतो. आज उष्णतेने निर्जंतुक केलेले आणि प्रयोगशाळेत बनवलेले घटक आहेत. एमिसिझुमॅब आहे, आठव्या घटकाचं काम करणारं औषध, ते कातडीखाली घेता येतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने (सीएमसी) पाच रुग्णांना त्यांच्याच मूळपेशी आठव्या घटकाचं जनुक घालून परत दिल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. हिमोफिलियाच्या मुलाला आज क्रायो देणं हा नाइलाज असला पाहिजे. तयार घटकाचं इंजेक्शन मिळत असताना क्रायोवर भागवणं मला मान्य नाही. क्रायो आता जास्त जातो तो बाळंतपणात अतोनात रक्त गेलेल्या बायांना, फायब्रिनोजेनसाठी. पूल बाईंनी ज्यांचा विचारही केला नसेल अशा कित्येक बाया त्यांच्या साक्याने वाचल्या.

आणि ज्यांनी हे दिलं, त्या १९६४-६५ साली कोण होत्या? स्टॅनफर्डमध्ये नुसत्या संशोधनाच्या पदावर. जगभरच्या रक्तपेढ्या त्यांची पद्धत वापरू लागल्या तरी त्या प्राध्यापकांच्या शिडीवर नव्हत्याच. १९७० मध्ये सीनियर सायंटिस्ट केलं, १९७२ मध्ये एकदम पूर्ण प्रोफेसर. मधल्या पायऱ्या त्यांना कधी दिल्याच नाहीत. १९७१ साली विज्ञानातल्या स्त्रियांची अमेरिकेतली संघटना उभी राहिली, तिच्या पहिल्या दोन सहअध्यक्षांपैकी त्या एक. हे काम त्यांनी उशिरा हाती घेतलं, पण तडफेने केलं. १९७५ च्या जुलैत मेंदूतल्या गाठीने त्या गेल्या. वय ५६. पावडरींनी केलेला घात त्यांना बघावा लागला नाही.

त्यांच्या वाचनाने मला एक खोड लावली आणि ती शेवटपर्यंत टिकली: समोर बसलेल्या प्रत्येकाचं मोजून बघायचं. हिमोफिलियाच्या मुलाबरोबर आई येते. फाइल मुलाची, नमुना मुलाचा, काळजी मुलाची. आई 'वाहक', एवढं लिहून आपण मोकळे होतो. पण वाहक बाईच्या अंगातला घटक सरासरीने निम्मा असला तरी बाईगणिक फार वेगळा असतो. कुणाचा ७०, कुणाचा २०. दोन एक्सपैकी कुठलं किती पेशींत बंद पडलं, त्यावर ते ठरतं. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने नवी नावं ठरवली: ५ टक्क्यांच्या वर पण ४० टक्क्यांखाली पातळी असलेल्या बाईला आता वाहक म्हणून सोडून द्यायचं नाही, सौम्य हिमोफिलियाची रुग्ण म्हणायचं. हे फार आधी व्हायला हवं होतं.

अशीच एक आई. मुलाला नेहमी घेऊन यायची, स्वतः पांढरीफटक. मी विचारलं, "ताई, तुमचं रक्त कधी तपासलंय?"

"माझं कशाला मॅडम? मला कुठं आजार हाय."

"पाळीत किती दिवस जातं?"

ती खाली बघून म्हणाली, "आठ-नऊ दिस. आईचं बी तसंच व्हतं. आमच्याकडं सगळ्यांचं तसंच असतं." मग आपणहून सांगितलं की धाकटीच्या बाळंतपणानंतर घरी गेल्यावर, सहाव्या-सातव्या दिवशी इतकं गेलं की जीपमधून परत आणलं. गरोदरपणात आठवा घटक आपोआप वाढतो आणि बाळंतपणानंतर खाली येतो. तिचा रक्तस्राव नेमका तेव्हाचा. कुणी जोडून पाहिलं नव्हतं. दोन मामा या आजाराने गेलेले, मुलगा आजारी, आणि मधल्या बाईचं कुणी मोजलेलं नाही.

मोजलं. २६ टक्के. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सुरू केल्या, लोह दिलं, आणि एक कार्ड करून दिलं: नाव, रक्तगट, हिमोफिलिया ए, पातळी २६ टक्के, ऑपरेशनआधी रक्तविकार तज्ज्ञाला फोन करा. मुलाचं कार्ड तिच्या पाकिटात आधीपासून होतं. तिने विचारलं, "धाकटीचं बी करायचं का?" मी म्हटलं, पुढच्या खेपेला घेऊन या, आणि तुमच्या बहिणीला पण. पुढच्या महिन्यात तिघी आल्या. बहिणीची पातळी चांगली निघाली. धाकटीची ३१. तिची दाढ काढायची होती. दंतवैद्याच्या नावाने चिठ्ठी लिहिली, आधी काय द्यायचं, नंतर किती दिवस गुळण्या करायच्या, रक्त थांबलं नाही तर कुठे यायचं, आणि खाली आमच्या रक्तपेढीचा नंबर.